वादळात जहाजाचं काय होतं आणि कॅप्टन काय करतो

भर समुद्रात वादळाने गाठलं की कॅप्टनच्या हातात दोनच गोष्टी उरतात: जहाजाचा वेग आणि दिशा. झाकणं आवळणं, टाक्या भरणं, नांगर करकचून बांधणं ही बाकीची सगळी कामं त्याआधीच उरकलेली असावी लागतात. वारा ५० नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे गेला आणि डेकवरून पाणी वाहायला लागलं की तिथे माणूस पाठवणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. आपल्याला मात्र वादळ म्हटलं की एकच चित्र दिसतं: डोंगराएवढी लाट येते आणि जहाज गिळून टाकते. असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा जहाज बुडतं ते चुकीच्या ठेक्यात सापडल्याने, किंवा कुठल्या तरी फुटकळ भोकातून पाणी आत शिरल्याने.

आधी लाटांचं गणित पाहू, कारण वेग आणि दिशा कशासाठी बदलायची ते त्यातूनच कळतं.

सहा मीटरची लाट म्हणजे नेमकी किती

हवामानाच्या अंदाजात ‘लाटांची उंची ६ मीटर’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ प्रत्येक लाट ६ मीटरची असेल असा नाही, आणि ६ मीटर ही कमाल मर्यादाही नाही. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची; अंदाजात येतो तो हा आकडा. काही तास त्याच समुद्रात काढले तर त्याच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणार, हे गृहीतच धरायचं. म्हणजे ६ मीटरच्या अंदाजात ११-१२ मीटरची लाट ही अनपेक्षित घटना नव्हे. त्यापलीकडच्या लाटाही असतात. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर या नॉर्वेच्या प्लॅटफॉर्मवरच्या लेसर यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली. त्या वेळी आजूबाजूच्या समुद्राचा ‘अंदाजातला’ आकडा १२ मीटरच्या आसपास होता. अशा लाटांच्या खलाशांनी सांगितलेल्या गोष्टी तोवर बऱ्याच जणांना अतिशयोक्ती वाटत. यंत्रानेच मोजल्यावर तो वाद मिटला.

पण जहाजासाठी उंचीइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा असतो लाटेचा पीरियड, म्हणजे एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारा वेळ. खोल समुद्रात लाटेची लांबी आणि वेग दोन्ही या वेळेवर ठरतात. सेकंदांना १.५६ ने गुणलं की लाटेचा वेग मिळतो, मीटर प्रति सेकंद. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की लांबी मिळते, मीटरमध्ये. १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते आणि सेकंदाला १५.६ मीटर, म्हणजे सुमारे ३० नॉट वेगाने धावते. १४ सेकंदांची लाट ३०६ मीटर लांब आणि ४२ नॉटची. चार सेकंद वाढले आणि लांबी दुप्पट झाली.

आता जहाज स्वतःही चालतंय. त्यामुळे लाटा जहाजाला कितीकितीदा भेटतात हे जहाजाच्या वेगावर आणि दिशेवर ठरतं. १२ नॉटने जाणाऱ्या जहाजाला १० सेकंदांच्या लाटा समोरून आल्या तर दर ७ सेकंदांनी एक धडकते. त्याच लाटा मागून आल्या तर एक माथा पुढे निघून जाऊन दुसरा येईपर्यंत १६-१७ सेकंद जातात. समुद्र तोच, वारा तोच, पण जहाजाला बसणारे हिसके पूर्ण वेगळे. कॅप्टन वेग आणि दिशा बदलतो तो या आकड्याशी खेळण्यासाठी.

जहाजाचा स्वतःचा ठेका

शांत पाण्यातल्या जहाजाला एका बाजूला कलवून सोडलं तर ते डावीकडे-उजवीकडे डोलत राहतं, आणि प्रत्येक पूर्ण डोलण्याला ठरावीक वेळ लागतो. हा रोल पीरियड. तो जहाजाच्या रुंदीवर आणि ‘जीएम’ या अंतरावर अवलंबून असतो. जीएम म्हणजे सोप्या शब्दांत जहाज कललं की त्याला सरळ करणाऱ्या जोराचं माप. वजन खाली असेल तर जीएम मोठा, वजन वर असेल तर लहान. ढोबळ हिशेब असा: मीटरमधल्या रुंदीला ०.८ ने गुणायचं आणि जीएमच्या वर्गमुळाने भागायचं. ३२ मीटर रुंदीचं जहाज, जीएम १ मीटर, तर रोल पीरियड २५ सेकंदांच्या पुढे. त्याच जहाजाच्या तळाशी लोहखनिज भरलं आणि जीएम ६ मीटर झाला तर जेमतेम साडेदहा सेकंद.

इथे सर्वसाधारण समज उलटा पडतो. जीएम जितका जास्त तितकं जहाज सुरक्षित, असं वाटतं. उलटण्याच्या दृष्टीने ते खरं आहे, पण असं जहाज ‘स्टिफ’ असतं: झटक्यात कलतं आणि झटक्यात परत येतं. डेकवर वर रचलेल्या मालाला तो झटका सोसत नाही. डोलण्याच्या अक्षापासून ३० मीटर उंचीवर २० टनांचा कंटेनर आहे आणि जहाज १३ सेकंदांच्या ठेक्यात ३० अंशांपर्यंत कलतंय असं धरा. त्या डब्याला बाजूला ढकलणारा रेटा १७ टनांच्या आसपास जातो. ठेका २६ सेकंदांचा असता तर तेवढ्याच कलण्यात तो १२ टनांच्या घरात राहिला असता. जीएम फार कमी असलेलं ‘टेंडर’ जहाज संथ डोलतं, आरामशीर वाटतं, पण कललं की परत यायला वेळ लावतं. आत पाणी शिरलं तर त्याच्याकडे शिल्लक काहीच नसते. माल भरतानाच या दोहोंमधला आकडा गाठावा लागतो. भर वादळात तो बदलायला फारसा वाव नसतो.

रोल पीरियड आणि लाटांच्या भेटीचा वेळ सारखा झाला की प्रत्येक लाट आधीच्या डोलण्यात भर घालते. आडव्या लाटांमध्ये हे चटकन होतं. उपाय सोपा: दिशा बदला, ठेका तुटतो. ब्रिजवरचा, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीतला, अधिकारी स्टॉपवॉच घेऊन दहा डोलण्यांचा वेळ मोजतो, दहाने भागतो, मग लाटा मोजतो. इतकं साधं काम, पण नेमक्या घाईच्या वेळी राहून जातं.

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे पॅरामेट्रिक रोलिंग. यात लाटा आडव्या नसतात, अगदी समोरून किंवा मागून येतात. म्हणजे जिथे जहाज डोलायचं काही कारणच नाही. मोठ्या कंटेनर जहाजाचा आकार पाहा. पुढचं टोक, म्हणजे नाळ, वर जाताना बाहेरच्या बाजूला पसरत जाते. पिछाडी रुंद आणि उथळ असते. मधला भाग मात्र सरळ भिंतीसारखा. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी असली आणि माथा बरोबर मध्यभागी आला, की दोन्ही टोकं पाण्याबाहेर निघतात. पाण्याच्या पातळीला जहाजाची सरासरी रुंदी कमी होते आणि सरळ करणारा जोर घटतो. खळगा मध्यभागी आला की दोन्ही पसरट टोकं पाण्यात बुडतात आणि तोच जोर एकदम वाढतो.

झोक्यावर उभं राहून, गुडघे वाकवून आणि ताठ करून मूल झोका चढवतं, ते आठवा. बाहेरून कोणी ढकलत नाही. एका झोक्यात दोनदा खाली-वर केलं की झोका वाढत जातो. इथे तसंच होतं. जहाज कलताना जोर कमी असतो म्हणून ते जरा जास्तच कलतं, परतताना जोर जास्त असतो म्हणून सपकन परततं आणि पलीकडे आणखी जातं. एका पूर्ण डोलण्यात लाट दोनदा भेटली, म्हणजे लाटांच्या भेटीचा वेळ रोल पीरियडच्या निम्मा झाला, की हे सुरू होतं. पाच-सहा डोलण्यांत दोन-चार अंशांवरून तीस अंशांच्या पुढे.

यातला सापळा आकड्यांत दिसतो. समजा ३०० मीटर लांबीचं, ४० मीटर रुंदीचं जहाज आहे, जीएम दीड मीटर, म्हणजे रोल पीरियड २६ सेकंद. समोरून १४ सेकंदांच्या लाटा येताहेत. जहाज १४ नॉटने चाललं असताना लाटा साडेदहा सेकंदांनी भेटतात. दुप्पट केले तर २१. अजून धोका दूर आहे. नाळ आपटतेय म्हणून कॅप्टन शहाणपणाने वेग कमी करत ३ नॉटवर आणतो. आता लाटा १३ सेकंदांनी भेटतात. दुप्पट २६. नेमका जहाजाचा ठेका. शतकानुशतकं वादळात ‘समोर तोंड करा आणि वेग कमी करा’ हाच योग्य सल्ला होता, आणि त्याच सल्ल्याने जहाज सापळ्यात गेलं.

ऑक्टोबर १९९८ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये ‘एपीएल चायना’ या कंटेनर जहाजावर हेच घडलं. समोरच्या लाटांमध्ये जहाज ३५ ते ४० अंशांपर्यंत कललं आणि शेकडो कंटेनर समुद्रात गेले. त्यानंतर या विषयाचा कसून अभ्यास झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २००७ साली कॅप्टनांसाठी जे सविस्तर मार्गदर्शन काढलं त्यात हा धोका स्वतंत्रपणे मांडलेला आहे. आता अनेक जहाजांच्या ब्रिजवर वेग आणि दिशेचा गोल आलेख असतो, त्यात टाळायचे पट्टे लाल रंगवलेले असतात. रात्रीच्या अंधारात लाटांचा पीरियड नीट मोजता येत नाही, हे मात्र त्या आलेखाला कळत नाही.

तोंड देऊन उभं राहणं आणि पाठ दाखवून पळणं

जोरदार वादळात मोठं जहाज सहसा ‘हिव्ह टू’ करतं. म्हणजे लाटा नाळेच्या एका बाजूने, वीस-तीस अंशांच्या कोनात घ्यायच्या आणि वेग सुकाणूला दाद मिळेल इतकाच ठेवायचा. पुढे सरकण्याचा प्रयत्न सोडून द्यायचा. अगदी सरळ समोरून लाटा घेतल्या तर आपटणं जास्त. कोन फार वाढला तर वारा नाळेला ढकलून जहाज आडवं पाडतो.

आपटणं, म्हणजे स्लॅमिंग. नाळ लाटेवर उचलली जाते, तळाचा पुढचा भाग पाण्याबाहेर येतो आणि खाली पडताना सपाट पाण्यावर बसतो. त्या दणक्याने सगळं जहाज पोलादी पट्टीसारखं थरथरतं. छोट्या जहाजात तो थेट अंगाला जाणवतो. मोठ्या जहाजात ब्रिज मागे, दोन-अडीचशे मीटर दूर असतो. तिथे कॉफीच्या कपात लहर उठेपर्यंत पुढे पत्रे वाकून गेलेले असू शकतात. म्हणून मोठ्या जहाजावर ‘अजून काही जाणवत नाही’ हा वेग न कमी करण्याचा आधार धरत नाहीत.

दुसरं टोक उचललं जातं तेव्हा प्रोपेलर हवेत येतो. पाण्याचा विरोध गेला की इंजिन एकदम पळायला लागतं आणि ओव्हरस्पीडचं संरक्षण ते बंद पाडतं. पुन्हा सुरू करायला लागणारी दोन-तीन मिनिटं जहाज आडवं पडायला पुरेशी असतात. म्हणून इंजिन रूममध्ये आधीच फेरे कमी करून ठेवतात. रिकाम्या जहाजात प्रोपेलर आधीच पाण्याच्या वर डोकावत असतो, त्यामुळे ते खोल बसवणं महत्त्वाचं. बल्क कॅरिअरमध्ये, म्हणजे खनिज किंवा धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजात, यासाठी मधल्या एखाद्या होल्डमध्येच, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यातच, समुद्राचं पाणी भरतात, हजारो टन. पण हे काम समुद्र शांत असताना संपवायचं. अर्धा भरलेला होल्ड डोलायला लागला की आतलं पाणी लाटेसारखं उसळून हॅचचं, म्हणजे होल्डच्या तोंडाचं, झाकण आतून उचकटू शकतं.

पाठीवर लाटा घेऊन पळणं अंगाला सुखाचं असतं. धडका थांबतात, वाऱ्याचा जोर कमी वाटतो. धोका वेगळा असतो. जहाजाचा वेग लाटेच्या वेगाच्या जवळ गेला तर लाट त्याला उतारावर पुढे ढकलत नेते, सुकाणूवरून पाण्याचा प्रवाह उरत नाही आणि जहाज गर्रकन आडवं फिरतं. याला ब्रोचिंग म्हणतात. आयएमओच्या मार्गदर्शनातला आकडा असा: लाटा सरळ मागून येत असतील तर मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.८ इतक्या नॉटच्या खाली राहा. १०० मीटरच्या जहाजाला ही मर्यादा १८ नॉट, २२५ मीटरच्या जहाजाला २७. म्हणजे महाकाय टँकरला याची चिंता नाही, वेगवान लहान जहाजाला आहे.

तोंड एकीकडून दुसरीकडे फिरवायचं ठरलं तर आडवं असण्याचा काळ कमीत कमी ठेवायचा. मोठ्या लाटा झुंडीने येतात. तीन-चार मोठ्या गेल्या की थोडी उसंत मिळते. वेग आधी उतरवायचा, उसंतीची चाहूल लागली की सुकाणू पूर्ण फिरवून इंजिनाला थोडा वेळ भरपूर ताकद द्यायची. प्रोपेलरचा झोत सुकाणूवर पडतो आणि जहाज फार पुढे न जाता वळतं. त्याआधी स्वयंपाकघरापासून इंजिन रूमपर्यंत सगळ्यांना ‘घट्ट धरा’ अशी सूचना जायला हवी. भाजल्याच्या आणि पडल्याच्या जखमा बऱ्याचदा या वळणावर होतात.

वादळ कुठे आहे हे कसं ओळखायचं

चक्रीवादळाच्या बाबतीत मुळात त्याच्या वाटेत न येणं हाच खरा उपाय. ‘सायक्लोन’ हा शब्दच जहाजांच्या नोंदवह्यांतून आला. कोलकात्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी एकत्र लावून पाहिल्या, वारा केंद्राभोवती वेटोळं घालतो हे दाखवलं, आणि १८४८ साली छापलेल्या पुस्तकात सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. नंतर डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांचा नियम आला, तो आजही शिकवला जातो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, केंद्र तुमच्या उजव्या हाताला आणि किंचित मागे असतं. दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला.

पहिली चाहूल बहुधा स्वेलची, म्हणजे दूरवरून आलेल्या लांब, गुळगुळीत लाटांची. १४ सेकंदांच्या लाटांची झुंड लाटेच्या निम्म्या वेगाने, २१ नॉटने पुढे सरकते. दिवसाला ५०० सागरी मैल. उष्ण कटिबंधातलं वादळ साधारण १०-१२ नॉटने चालतं. म्हणून आभाळ निरभ्र असतानाही लाटा एक-दोन दिवस आधी येऊन पोचतात. मग बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. हा रोजचा चढ-उतार वजा करूनही दाब नेहमीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने खाली असेल तर संशय घ्यायचा. ५ ने खाली असेल तर वादळ आहेच, आणि बहुधा २०० सागरी मैलांच्या आत.

त्यानंतर प्रश्न येतो आपण कुठल्या बाजूला आहोत हा. वादळाच्या जाण्याच्या दिशेकडे पाहिलं तर उत्तर गोलार्धात उजवा अर्धा भाग घातक. तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो, वारा जहाजाला वादळाच्या वाटेवर ढकलतो, आणि वादळ वळलं तर सहसा त्याच बाजूला वळतं. ओळखायची खूण: वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर तुम्ही उजव्या भागात, उलट फिरत असेल तर डाव्या, दिशा तीच राहून जोर वाढत असेल तर सरळ वाटेवर. ही पाहणी जहाज थांबवून किंवा हिव्ह टू करून करायची असते. जहाज वादळाला मागे टाकत असेल तर खुणा उलट्या दिसतात आणि माणूस नेमका चुकीच्या बाजूला वळतो.

उत्तर गोलार्धात उजव्या भागात असाल तर वारा नाळेच्या उजव्या बाजूवर घेऊन जमेल तितक्या वेगाने दूर निघायचं, वारा फिरेल तसं उजवीकडे वळत. डाव्या भागात किंवा वाटेवर असाल तर वारा उजव्या पिछाडीवर घेऊन पळायचं. दक्षिण गोलार्धात सगळं आरशातल्यासारखं.

आज उपग्रहांमुळे केंद्र कुठे आहे हे आयतं कळतं, तरी अंदाज चुकतोच. त्यासाठी १-२-३ नियम वापरतात: ३४ नॉट वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेला २४ तासांच्या अंदाजात १०० सागरी मैल जोडा, ४८ तासांच्या अंदाजात २००, ७२ तासांच्या अंदाजात ३००, आणि त्या वर्तुळांत शिरू नका. अंदाज कधीचा आहे हेही पाहावं लागतं. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ वाकीन या हरिकेनमध्ये ३३ जणांसह बुडालं. चौकशीत दिसलं की कॅप्टन ज्या हवामान-नकाशांवर विसंबून होते त्यांतली वादळाची जागा कित्येक तास जुनी होती. त्याहून ताजी माहिती ब्रिजवर दुसऱ्या यंत्रावर येत होती.

भोकं, टाक्या आणि तेल

आधीच करायच्या कामांची यादी प्रत्येक जहाजावर छापलेली असते. त्यातल्या क्षुल्लक वाटणाऱ्या ओळींवर जरा थांबू.

‘डर्बीशायर’ हे जवळपास ३०० मीटर लांबीचं जहाज लोहखनिज घेऊन जपानकडे निघालं होतं. सप्टेंबर १९८० मध्ये ओकिनावाजवळ ऑर्किड टायफूनमध्ये ते ४४ जणांसह नाहीसं झालं. मदतीची हाकसुद्धा आली नाही. १९९४ मध्ये चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. २००० सालच्या चौकशीचा निष्कर्ष असा: नाळेच्या डेकवरचे वाऱ्याचे आणि टाक्यांचे पाइप लाटांनी मोडले, त्यांच्या भोकांतून पाणी आत जात राहिलं, नाळ हळूहळू खाली बसली, आणि मग लाटा पहिल्या होल्डच्या झाकणावर थेट पडायला लागल्या. झाकण कोसळलं. आधी खलाशांनी नाळेतल्या कोठीचं झाकण नीट लावलं नसल्याचा ठपका होता. तो या चौकशीने पुसला.

हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या मोडक्या पाइपावर दोन मीटर पाणी उभं असेल तर मिनिटाला साधारण १६ टन पाणी आत जातं. आणि २० बाय १५ मीटरच्या झाकणावर पाच मीटर पाणी चढलं तर, नुसतं उभं राहिलं तरी, भार दीड हजार टन. ब्रिज मागे असल्याने पुढचं टोक अर्धा मीटर खाली गेलेलं रात्री डोळ्यांना दिसत नाही. आता बल्क कॅरिअरच्या होल्डमध्ये आणि नाळेतल्या कोरड्या जागांत पाणी शिरल्याचा अलार्म सक्तीचा आहे तो याचमुळे.

म्हणून डेकवरच्या प्रत्येक पाइपाचं झाकण आणि प्रत्येक व्हेंटिलेटरची झडप हाताने फिरवून बघायची. नुसती बंद ‘दिसते’ हे पुरत नाही, गंजलेली झडप अर्ध्यावर अडकते. नांगराची साखळी ज्या नळीतून खाली जाते तिचं तोंड कापड आणि सिमेंटने बुजवायचं. तिथून साखळीच्या कोठीत पाणी भरतं आणि पंप नसेल तर तिथेच राहतं. नांगर ब्रेकवर सोडायचा नाही, जादा तारांनी आवळायचा. सुटलेला नांगर नाळेचाच पत्रा फोडतो.

टाक्या काठोकाठ भरायच्या नाहीतर पूर्ण रिकाम्या करायच्या. अर्धवट टाकीतलं पाणी जहाज कललं की त्याच बाजूला धावतं आणि जीएम खातं. हा तोटा टाकीच्या रुंदीच्या घनावर वाढतो, म्हणून मधोमध एक उभी भिंत घातली तरी तो चौथ्या हिश्श्यावर येतो.

इंजिन रूममध्ये दोन गोष्टी सारख्या नडतात. पहिली, इंधनाच्या टाकीचा तळ ढवळला जातो, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतात. जादा फिल्टर साफ करून हाताशी ठेवावे लागतात. दुसरी, वंगणाचं तेल. ओढणारी नळी टाकीच्या एका जागी असते. जहाज कललं आणि तेलाची पातळी कमी असली की ती हवा ओढते, दाब पडतो आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. ‘एल फारो’मध्ये एका उघड्या राहिलेल्या झाकणातून होल्डमध्ये पाणी शिरलं, जहाज कललं, तेलाचा पुरवठा तुटला आणि इंजिन गेलं. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजाची वीज गेली तीही जनरेटरमधल्या कमी तेलामुळे. तेलाची पातळी शांत समुद्रात ‘चालेल’ इतकी असणं आणि वादळासाठी पुरेशी असणं यांत फरक असतो.

मालाबद्दल एक गोष्ट. निकेलचं खनिज किंवा लोहखनिजाची बारीक माती ओलसर असेल तर सततच्या हादऱ्यांनी तिचा चिखल होतो, तो एका बाजूला वाहतो आणि परत येत नाही. भरण्याआधीची सोपी परीक्षा अशी: अर्धा ते एक लिटरच्या डब्यात अर्ध्यापर्यंत नमुना घ्यायचा, २० सेंटिमीटर उंचीवरून कडक पृष्ठभागावर जोरात आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा. वर पाणी सुटलं किंवा माती पातळ झाली तर प्रयोगशाळेतून पुन्हा तपासणी झाल्याशिवाय माल घ्यायचा नाही. डबा आपटून पाणी सुटलं नाही म्हणजे माल सुरक्षित, असा उलटा अर्थ मात्र निघत नाही.

माणसं

झोप हा मोठा प्रश्न. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सारून गादी तिरकी करायची आणि भिंत व गादी यांच्या खोबणीत अंग रोवायचं, तेव्हा कुठे तासभर डोळा लागतो. स्वयंपाकी भांडी अर्ध्यापेक्षा जास्त भरत नाही, तळण बंद करतो, टेबलावर ओलं कापड घालतो म्हणजे ताटं सरकत नाहीत. दोन-तीन दिवसांनी थकवा एवढा साचतो की साध्या बेरजा चुकतात. सुकाणू ऑटोपायलटवरून माणसाच्या हाती दिलेलं असतं, आणि चांगला सुकाणूवाला लाट येण्याआधीच चाक थोडं फिरवतो. अशा माणसाला चार तास सलग उभं केलं तर शेवटच्या तासाला तो लाटेच्या मागे राहतो. पाळ्या लहान करणं हा त्यावरचा साधा उपाय.

उशीर होईल म्हणून किनाऱ्यावरून दबाव येऊ शकतो. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे की जिवाच्या आणि समुद्राच्या सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालक किंवा जहाज भाड्याने घेणारे आडकाठी करू शकत नाहीत. त्याच प्रकरणाप्रमाणे चक्रीवादळ दिसलं, किंवा पूर्वसूचना नसताना ब्यूफोर्ट मापनावर १० किंवा जास्त जोराचा वारा, म्हणजे ४८ नॉटच्या पुढचा, भेटला तर आसपासच्या जहाजांना कळवणं कॅप्टनवर बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२६ पासून कंटेनर समुद्रात पडले तर तेही कळवावं लागतं.

वारा उतरल्यावर स्वेल आणखी दिवसभर राहतो, त्यामुळे डेकवर जायची घाई करत नाहीत. आधी आतूनच सगळ्या टाक्यांची आणि बिल्जची, म्हणजे तळाशी पाणी साचायच्या खोबणीची, पातळी मोजतात, आधीच्या नोंदीशी ताडून पाहतात. एखाद्या रिकाम्या टाकीत ४० सेंटिमीटर पाणी निघालं तर ते कुठून आलं हे सापडेपर्यंत पंप चालू. मग लॉगबुकातल्या वारा, लाटा, वेग आणि दिशा यांच्या तासातासाच्या नोंदी पूर्ण करतात. बंदरात पोचल्यावर कॅप्टन नोटरीकडे किंवा वकिलातीत जाऊन ‘नोट ऑफ प्रोटेस्ट’ नोंदवतो: अमुक तारखेला असं हवामान भेटलं, मालाचं नुकसान झालं असण्याची शक्यता आहे. हे शक्यतो २४ तासांत, आणि हॅच उघडण्याच्या आधी. झाकणं उचलली जातात ती त्या कागदावर शिक्का पडल्यावर.